ओम्नीचा ऑइलचा लाल दिवा मधेच पेटतो-विझतो? इंजिन उतरवायच्या आधी हे बघून घ्या

माझी ओम्नी २००२ ची, कार्बोरेटरवाली, पांढरी म्हणजे एकेकाळी पांढरी होती. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून पर्यावरण कर भरून रजिस्ट्रेशन पुढं वाढवून घेतलं, कारण लोणच्याचे बॉक्स न्यायला एवढी सोयीची गाडी मला तरी दुसरी सापडली नाही, दोन्ही बाजूला सरकते दरवाजे, बॉक्स सरळ आत ढकलायचे आणि निघायचं. तर दोन पावसाळ्यांपूर्वी साताऱ्याहून पुण्याला येताना खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत उभा होतो आणि डॅशबोर्डवरची ती लाल किटली लुकलुकायला लागली. थोडी रेस दिली की विझायची, पाय काढला की परत लुकलुक. रांग सुटली, गाडी पळायला लागली आणि दिवा गायब, तो कात्रजपर्यंत परत आलाच नाही.

पुढचे पंधरा दिवस मी सल्ले गोळा केले. एकानं न बघताच सांगितलं स्विच गेलाय, बदलून टाका, बदलला, चार दिवसांनी दिवा हजर. दुसऱ्यानं गाडी चालू करून कान लावला, मान हलवली आणि म्हणाला हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन उतरवून आतली कामं, आकडा ऐकून मी चहा अर्धाच ठेवून उठलो. दोघांपैकी एकानंही प्रेशर मोजलं नव्हतं, आणि दिवा नक्की कधी पेटतो हेही विचारलं नव्हतं. शेवटी जे निघालं ते दोघांनी सांगितलेल्यातलं काहीच नव्हतं, आणि एक नाही दोन भानगडी निघाल्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट. चालत्या गाडीत दिवा पेटून तसाच पेटलेला राहिला तर बाकीचं वाचत बसू नका, क्लच दाबून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या चौकात गॅरेज आहे, दोनच किलोमीटर तर आहे, असला हिशोब करायचा नाही. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, तो आणि त्याची बेरिंग यांच्या मधे ऑइलचा जो पातळ थर असतो त्यावरच सगळं फिरतं, तो गेला की धातूवर धातू, मग गाडी टो करायचे पैसे वाचवले म्हणून क्रँक घासून आणायची वेळ येते. मी खाली जे सांगतोय ते मधेच पेटून विझणाऱ्या दिव्याचं आहे.

आता हा दिवा काय सांगतो ते समजून घ्या, कारण अर्धा गोंधळ इथंच आहे. बऱ्याच जणांना वाटतं ऑइल कमी झालं की दिवा पेटतो. तसं नाही, तो ऑइलची लेव्हल बघतच नाही, प्रेशर बघतो. इंजिन ब्लॉकला एक छोटा स्विच लावलेला असतो, त्याला एकच वायर. चावी फिरवली की करंट बल्बमधून त्या वायरनं स्विचपर्यंत येतो, आणि प्रेशर नसेल तर स्विच आतून वायरला ब्लॉकशी म्हणजे अर्थिंगला जोडून देतो, दिवा पेटतो. इंजिन चालू होऊन प्रेशर आलं की आतला पडदा ढकलला जातो, जोड तुटतो, दिवा विझतो. हे सगळं फार थोड्या प्रेशरला होतं, अर्ध्या किलोच्या आतबाहेर (प्रेशरचा किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो). म्हणजे दिवा विझलेला आहे याचा अर्थ प्रेशर भरपूर आहे असा नाही, अगदीच शून्याजवळ नाही एवढाच. आणि दुसरं, ती एकटी वायर वाटेत कुठंही सोलून बॉडीला लागली तरी दिवा पेटणार, मग प्रेशर कितीही असो.

म्हणून पहिलं काम पाना घेणं नाही, वही घेणं. आठवडाभर दिवा कधी पेटला ते लिहा, इंजिन गरम का गार, गाडी उभी का चालती, वळणावर का खड्ड्यात, पाऊस होता का. मी लोणच्याच्या ऑर्डरच्या वहीतच मागच्या पानावर लिहीत होतो.

गाडी तासभर चाललीये, गरम आहे, सिग्नलला किंवा टोलला उभी आहे आणि दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो, हे खऱ्या कमी प्रेशरचं लक्षण. ऑइल गरम होऊन पातळ झालंय आणि आयडलिंगला, म्हणजे पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना, ऑइलचा पंप हळू फिरतोय. यात आधी आयडलिंगच फार खाली तर बसलेलं नाही ना बघा, ८५०-९०० च्या आसपास पाहिजे, ओम्नीला आरपीएमचा काटा नसतो त्यामुळं गॅरेजमधे मीटर लावूनच सेट करून घ्या. बॅटरीचा दिवाही बरोबरच मिणमिणत असेल तर इंजिन बंद पडायच्या बेतात आहे किंवा मीटरची अर्थिंग ढिली आहे, ऑइलच्या मागं लागू नका.

घाटात वळणावर, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा चढावर पेटतो आणि गाडी सरळ झाली की विझतो, तर चेंबरमधे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल कमी आहे, ते एका बाजूला पळतं आणि पंपाची जाळी हवा ओढते. खंबाटकी चढताना पेटला आणि वर सपाटीला विझला तर वर पोचल्यावर आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा.

सकाळी पहिल्या स्टार्टला चार-पाच सेकंद पेटून राहतो आणि मग दिवसभर काही नाही, तर बहुतेक फिल्टर. चांगल्या फिल्टरमधे आत रबराची झडप असते, ती रात्रभर ऑइल खाली जाऊ देत नाही, स्वस्तातल्या फिल्टरची ती कडक झालेली असते किंवा धड बसतच नाही.

आणखी एक, हा कमी लोकांना माहीत असतो. हायवेला दाबून चालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं पेटतो, थांबून इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं की सगळं ठीक. ही जाळी तुंबल्याची खूण. जोरात ओढलं की गाळ जाळीला चिकटतो, बंद केलं की खाली बसतो. आपल्याकडं चेंबरला पॅकिंगच्या ऐवजी सिलिकॉन पेस्ट थापायची पद्धत आहे, जास्त थापली की आतल्या बाजूला आलेल्या वळकट्या तुटून पडतात आणि जाळीवर जाऊन बसतात.

खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर, पावसात किंवा गाडी धुतल्यावर पेटतो, गार-गरम काही संबंध नाही, तर वायर. इंजिनच्या आवाजात काडीचाही फरक नाही आणि दिवा भक्कन पूर्ण पेटतो, तरीही वायर.

माझ्या वहीत बारा नोंदी होत्या, त्यातल्या नऊ गरम आणि उभी. उरलेल्या तीन कशातच बसत नव्हत्या, त्या मी सोडून दिल्या. ती माझी चूक, ती पुढं येईल.

आता डिपस्टिक. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पुढची सीट उचला, पट्टी काढून पुसून परत घालून मग बघा. कमी असेल तर भरा आणि कुठं गेलं ते शोधा, व्हॉल्व कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची रिंग, गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकचं सील, नाहीतर सायलेन्सरमधून निळा धूर. एवढंच निघालं तर नशीबवान आहात.

माझं उलट होतं. ऑइल फुल्लच्या खुणेच्याही वर. मी खूश, म्हटलं वीस वर्षांची गाडी आणि थेंबभर ऑइल खात नाही. आमच्या गॅरेजवाल्या मामांनी ती पट्टी माझ्या हातातून घेतली, नाकाशी नेली आणि परत माझ्या नाकाशी धरली. ‘वास घे.’ सरळ पेट्रोलचा वास. मग ऑइल दोन बोटांत चोळलं तर पाण्यासारखं, तार धरत नव्हतं, आणि पेपरवर थेंब टाकला तर मधे काळा डाग आणि भोवती लांबपर्यंत पसरलेली फिक्कट कड. ‘वाढलेलं ऑइल कधी बघितलंस का? ऑइल वाढत नाही, त्यात कायतरी येतं.’

कार्बोरेटरच्या ओम्नीला पेट्रोलचा पंप मेकॅनिकल असतो, इंजिनलाच बसवलेला, कॅमशाफ्टवर चालतो. त्याच्या आतला रबरी पडदा जुना होऊन चिरला की पेट्रोल कार्बोरेटरला जायच्या ऐवजी थोडं थोडं इंजिनच्या आत झिरपतं आणि चेंबरमधे ऑइलमधे मिसळतं. ऑइल पातळ, गरम झालं की अजून पातळ, टोलला उभं राहिलं की दिवा. इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय ओम्नीला पंप टाकीत असतो त्यामुळं तिथं हा प्रकार नाही, पण इंजेक्टर गळत असेल किंवा एखादा प्लग मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली जाऊ शकतं. पट्टीला पेट्रोलचा वास आला तर त्याच ऑइलवर गाडी पळवत बसू नका, बेरिंगची वाट लागते ते वेगळं आणि ओम्नीत इंजिन आपल्या बुडाखाली आहे हेही लक्षात ठेवा. विडी-सिगारेट लांब.

दुसरा प्रकार म्हणजे ऑइलमधे पाणी. पट्टीवर किंवा खाली काढलेल्या ऑइलमधे दुधाळ चहासारखा रंग आला, रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग, गेलंय. पण पावसाळ्यात फक्त ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर बघून लगेच घाबरू नका, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांना, शाळेच्या व्हॅनना, इंजिन पुरतं तापतच नाही म्हणून तो ओलाव्याचा थर येतो. एकदा तास-दीड तास सलग चालवून आणा आणि परत बघा.

डिपस्टिक ठीक असेल तर वायर आणि स्विच. याला पंधरा मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. दिवा पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब गेलाय, वायर सुटलीये नाहीतर स्विच गेलाय, आणि ही सगळ्यात धोक्याची अवस्था, कारण मग खरंच प्रेशर गेलं तरी कळणार नाही. (जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा, त्रास नको म्हणून दिव्याची वायर काढून ठेवलेल्या गाड्या मी बघितल्यात.) आता स्विचची वायर काढा, टोक कशाला लागू देऊ नका. दिवा विझला पाहिजे. वायर काढूनही पेटलेलाच राहिला तर वायर वाटेत कुठंतरी बॉडीला लागलीये, स्विच निर्दोष. टोक ब्लॉकला लावलं की परत पेटला पाहिजे. वायर काढल्यावर विझतो आणि लावून इंजिन चालू केलं तरी जळतो, तर एकतर स्विच खराब किंवा प्रेशर खरंच नाही, आणि या दोन्हींतला फरक गेजशिवाय कळत नाही. स्विचच्या डोक्यावर, वायरच्या टोकाला ऑइल लागलेलं दिसलं तर स्विच आतून फुटलाय, तो बदलाच, पण बदलला म्हणजे दिव्याचं कारण गेलं असं धरू नका, माझं तेच झालं होतं.

आणि गेज. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या दुकानात ० ते ७ किंवा ० ते १० किलोचा साधा काट्याचा गेज मिळतो, सोबत हाताएवढा होज आणि अडॅप्टर. पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा, एका दुकानात नाही मिळालं तर तोच शेजारच्याकडं पाठवतो. स्विचचे आटे एक सुताचे म्हणजे १/८ बीएसपी टेपर, दुकानदार कधीकधी एनपीटी म्हणजे अमेरिकन मापाचे आटे देतो, ते दोन आटे बसतात आणि मग अडतात, जोर लावलात तर ब्लॉकचे आटे जातील, म्हणून जुना स्विच खिशात घालूनच जा आणि तिथंच जोडून बघा. टेफ्लॉन टेप लावायचीच तर पहिले दोन आटे मोकळे सोडून, नाहीतर टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात. परत स्विच लावताना टेप कमीच लावा, कारण त्याची अर्थिंग त्या आट्यांतूनच होते, आणि टेपर आहे म्हणून पिळत बसू नका, बेतानं घट्ट.

स्विचच्या जागी गेज लावून इंजिन चालू करा, होज फिरत्या बेल्टला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागत नाहीये ना बघा, जोडातून ऑइल गळलं तर लगेच बंद. गार इंजिनचं प्रेशर बघून हुरळून जाऊ नका, गार असताना जवळजवळ कुठलंही इंजिन चांगलंच दाखवतं. वीस-पंचवीस मिनिटं चालवून पुरतं तापवा आणि मग बघा. गरम इंजिनला तीन हजार आरपीएमला ३ किलोच्या वर पाहिजे. आयडलिंगला एक किलोच्या आसपास असेल तर जुन्या गाडीला मी तक्रार करणार नाही. अर्ध्या किलोच्या खाली असेल तर दिवा खरं बोलतोय. आणि गेज व्यवस्थित दाखवतोय तरी दिवा पेटतोय, तर इंजिनला हात लावायचा नाही, स्विच नाहीतर वायर, बाकी काही नाही.

माझा गेज गरम आयडलिंगला अर्ध्यावर येऊन थरथरत होता. मामांनी पेट्रोलचा पंप नवा टाकला, सगळं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, २०डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या जाडीचा नंबर) भरलं, आणि त्याच गेजवर त्याच तापमानाला सव्वा किलो. हाफ इंजिन वगैरे काही नाही. ऑइल काढलं तेव्हा मामांनी ते पसरट तसराळ्यात घेऊन उन्हात तिरकं धरून बघितलं, सोनेरी-चंदेरी चमक दिसली असती तर बेरिंग खाल्लेली आहेत असं समजायचं. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, बेरिंगचा चुरा बहुतेक चुंबकाला चिकटतच नाही.

ऑइल-फिल्टर नवं आहे, पेट्रोल-पाणी काही नाही आणि तरी गेज खालीच, तर पुढचा क्रम असा की आधी चेंबर उतरवून जाळी साफ करायची, मग ऑइलचा पंप आणि त्यातला रिलीफ व्हॉल्व, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप, आणि सगळ्यात शेवटी बेरिंग. पंप पुढच्या बाजूला क्रँकवरच बसतो, टायमिंग बेल्टच्या मागं, त्यामुळं तो उघडायचाच असेल तर बेल्ट त्याच वेळी नवा टाका, मजुरी एकदाच जाते. बेरिंग गेलेली असतील तर गेजच्या बरोबर आवाजही असतो, गरम इंजिनला रेस देताना खालून जड ठकठक, टॅपेटची म्हणजे वरच्या व्हॉल्वच्या भागांची टिकटिक वरून येते आणि बारीक असते, दोन्हींत गल्लत करू नका.

जाड ऑइल घाला, दिवा जाईल, असं सांगणारे भेटतीलच. जातो खरा, २०डब्ल्यू-५० घातलं की गरम आयडलिंगला प्रेशर थोडं वर राहतं. पण पेट्रोल मिसळत असेल तर ते जाड ऑइलही महिन्याभरात पातळ होणार, आणि जाळी तुंबलेली असेल तर जाड ऑइल अजूनच ओढलं जात नाही. मोजून, कारण कळून, झिजलेल्या इंजिनला काही महिने काढायचेत म्हणून घातलं तर माझी हरकत नाही. डब्यातली जादूची औषधं मात्र मी विकत घेणार नाही, आणि ड्रममधलं सुटं ऑइलही नाही.

तर पेट्रोलचा पंप बदलला, टोलला रांगेत उभा राहिलो, दिवा नाही. तीन आठवडे नाही. मग एका संध्याकाळी गावातल्या स्पीडब्रेकरवर दिवा भक्कन पेटला आणि विझला. पोटात गोळा. घरी येऊन वही काढली आणि सोडून दिलेल्या त्या तीन नोंदी वाचल्या, खड्डा, खड्डा, स्पीडब्रेकर. गेज लावला, सव्वा किलो, जिथल्या तिथं.

मग स्विचची वायर काढून ठेवली, चावी ऑन केली, पुतणीला स्टिअरिंगसमोर उभं केलं आणि सांगितलं लाल किटली पेटली की ओरड. सीट उचलून मी वायरिंगचा जुडगा हातानं एकेक वीत हलवत गेलो. काही नाही, काही नाही, आणि सीटखालच्या पत्र्याच्या कडेपाशी आलो तर ‘पेटली काका! गेली! परत पेटली!’ जुडग्याची क्लिप कधीच तुटून पडली होती, वायर त्या धारदार कडेवर घासून घासून गव्हाच्या दाण्याएवढी सोललेली, तांबं चकाकत होतं. स्विच बदलणाऱ्यानं काम करताना जुडगा ओढला असेल किंवा वीस वर्षांत आपोआप झालं असेल, आता कोण सांगणार. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, वरून स्लीव्ह घातली, पत्र्याच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिरून बसवली आणि जुडगा दोन जागी टायनं बांधला. पुतणीनं पाच मिनिटं अजून हलवायला लावलं, तिला खेळ आवडला होता. दिवा काही पेटला नाही.